समुद्राला सातबारा नसतो, मग सुनावणीला बोलावणार कुणाला?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातल्या पवनचक्क्यांवर तुमच्या पेपरात बातमी आली होती ती वाचली. बंदरावर लिलाव संपल्यावर त्याच्यावरच गप्पा चालल्या होत्या म्हणून हे लिहायला घेतलं. बातमीत मेगावॅट होते, कोटी होते, मंत्र्यांचा फोटोपण होता, पण मच्छीमारांना कोण कधी विचारणार याची एक ओळ काही मला सापडली नाही.

आधीच सांगतो, माझा पवनचक्कीला विरोध नाही. वाऱ्यावर वीज होत असेल तर कोळशाच्या राखेपेक्षा कधीही बरी. आणि कोकणात लगेच काही उभं राहतंय असंही नाही, केंद्राने जून 2024 मध्ये 7,453 कोटींची जी योजना मंजूर केली त्यात गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅट आहेत, आपलं नाव त्यात नाही. पण बोलायचं तर आत्ताच. एकदा टेंडर निघालं की तोंड उघडणारा प्रत्येक जण विकासविरोधी ठरतो, जैतापूरच्या अणुप्रकल्पापासून बारसूच्या रिफायनरीपर्यंत हेच बघत आलोय.

आता कायद्याचं. 2006 ची ईआयए अधिसूचना आहे, म्हणजे कुठल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी लागणार ते ठरवणारी. तिच्या यादीत कोळशाचे थर्मल प्रकल्प आहेत, बंदरं आहेत, विमानतळ, खाणी सगळं आहे, पवनऊर्जा नाही. जमिनीवरच्या पवनचक्क्यांना त्यामुळेच सुनावणी लागत नाही. 2015 च्या समुद्री पवनऊर्जा धोरणात पर्यावरण अभ्यास आणि सीआरझेड म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालच्या परवानगीचा उल्लेख आहे, ठीक आहे, पण कंपनीने सल्लागार नेमून अभ्यास करून घेतला आणि फाईल दिल्लीला पाठवली, यात आम्ही कुठे आलो?

जमिनीवर निदान सातबारा काढून बघता येतं कुणाची जागा जाते ते. समुद्रात काय काढणार? एकाच पट्ट्यात हर्णैची गिलनेट जाळी, रत्नागिरीचा जाळं ओढत नेणारा ट्रॉलर आणि रायगडच्या होड्या, कुणाची कुठली जागा ते तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, डोक्यात आणि आता जीपीएसमध्ये. डोल जाळी तर एका जागी बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते, ती जागा त्या घराची असं सगळे मानतात पण सरकारी कागदावर ती नाहीच. वर 12 सागरी मैलांपर्यंत मासेमारी राज्याच्या हातात, त्याच्या पुढे केंद्राच्या, मग नेमका कुठला जिल्हा बाधित आणि सुनावणी कुठल्या कलेक्टरकडे? माझं म्हणणं एवढंच आहे की बाधित कोण हे नकाशावर चक्क्यांचे ठिपके मारायच्या आधी बंदराबंदरावर बसून ठरवा.

उगाच बोलत नाही, उदाहरण देतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याबाहेर व्हिनयार्ड विंड नावाचा 62 चक्क्यांचा प्रोजेक्ट आहे. त्या वेळी त्यांच्याकडे प्रोजेक्टचा कच्चा अहवाल लोकांसमोर ठेवला, मीटिंगा घेतल्या, कुणीही लेखी म्हणणं पाठवायचं, ते सगळ्यांना ऑनलाइन दिसायचं आणि शेवटच्या अहवालात त्याला उत्तर द्यावं लागायचं. तिथले लॉबस्टरचे, म्हणजे शेवंडाचे, सापळे लावणारे आणि ट्रॉलरवाले आपसात पूर्व-पश्चिम पट्टे वाटून घेतात, म्हणजे एकाचं जाळं दुसऱ्याच्या सापळ्यात जात नाही. कंपनीच्या पहिल्या आराखड्यात चक्क्यांच्या रांगा तिरक्या होत्या. मच्छीमारांनी हे लावून धरलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये सरकारी खात्याने अहवाल पुन्हा वाढवायला घेतला, आणि शेवटी पूर्व-पश्चिम रांगा, दोन चक्क्यांत एक सागरी मैल अंतर, असं ठरून मे 2021 मध्ये मंजुरी मिळाली. कंपनीच्या इंजिनीअरला हे पट्टे कुठून ठाऊक असणार? बोटीवरच्या माणसालाच ठाऊक. तरी सगळे खूश झाले असं नाही हां, मच्छीमारांची संघटना पुढे कोर्टात गेली आणि हरली, आणि जुलै 2024 मध्ये एका चक्कीचं पातं तुटून त्याचे तुकडे जवळच्या नँटकेट बेटाच्या किनाऱ्याला लागले ते वेगळंच.

आपल्याकडे सुनावणीचे नियम कागदावर वाईट नाहीत. 30 दिवस आधी नोटीस, दोन पेपरात जाहिरात, कच्चा अहवाल कलेक्टर कचेरीत आणि जिल्हा परिषदेत, सारांश स्थानिक भाषेत, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. पण सारांश म्हणजे थोडीशी पानं, खरी माहिती जाडजूड इंग्रजी अहवालात. जैतापूरच्या वेळी 16 मे 2010 ला माडबनला सुनावणी झाली तेव्हा मराठी प्रत वेळेत मिळाली नाही हीच तक्रार होती. 2020 मध्ये केंद्राने ईआयएचा नवीन मसुदा काढला तोसुद्धा फक्त हिंदी-इंग्रजीत, नोटिशीची मुदत 30 वरून 20 दिवसांवर आणायचं त्यात होतं, आणि तो बाकीच्या भाषांमध्ये द्या म्हणून दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं. कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, तर अटच नाही, मोजकी टाळकी जमली तरी सुनावणी झाली म्हणून शिक्का.

आणि तारीख! वाढवण बंदराची सुनावणी पालघरला झाली 19 जानेवारी 2024 ला, म्हणजे ऐन सीझनमध्ये. जानेवारीत बोट सोडून कोण येणार, डिझेल आणि बर्फ भरून झालेला असतो, खलाशांचा पगार चालू असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, सगळ्या होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी जाळी विणत बसलेली, तेव्हा घ्या की सुनावणी. भातलावणीचे दिवस तेवढे सोडा. जिल्ह्याच्या गावाला हॉल बुक करण्यापेक्षा हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशी बंदरावरच घ्या, आणि नोटीस बर्फाच्या कारखान्यात, डिझेल पंपावर, सोसायटीच्या फळ्यावर लावा, रिक्षावर भोंगा लावून फिरवा. मागे आमच्याकडे एका प्रकल्पाच्या सुनावणीचं आम्हाला कळलं तेच ती होऊन गेल्यावर, कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर फोटो आला तेव्हा.

विचारायचंय ते साधंच आहे. तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटर जाता येत नाही, तसं प्रत्येक चक्कीभोवती असणार का, का मधून जाळी मारता येईल? केबल किती खोल गाडणार, नांगर अडकला तर नुकसान कुणाचं? समुद्राच्या तळात खांब ठोकतात तेव्हा जबरदस्त आवाज होतो, जर्मनीत त्यासाठी 750 मीटरवर 160 डेसिबलची मर्यादा आहे आणि ठोकताना भोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात. आपल्याकडे मर्यादा किती धरणार? केबल किनाऱ्याला येणार ती वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या वाळूतून नाही ना?

शासनाकडे मागणी अशी की समुद्री पवनऊर्जा ईआयएच्या यादीत घाला, जनसुनावणी सक्तीची करा, ती जागा ठरायच्या आधी घ्या आणि पूर्ण अहवाल मराठीत द्या. आणि तुम्हालापण एक विनंती आहे साहेब, सुनावणीच्या नोटिसा तुमच्या पेपरात आतल्या पानावर टेंडरांच्या मध्ये बारीक अक्षरात येतात, त्या जाहिरातीचे पैसे घ्या खुशाल, पण त्याच दिवशी कोकणच्या पानावर चार ओळींची बातमीपण करा.

आपला,
मच्छीमार सोसायटीचा एक सभासद,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी