फळ्यावरचे ठिपके

दि. 20 नोव्हेंबर 2005

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोतल्या त्या वादळातून सुटल्यावर मेरिदा शहरातून केलेल्या त्या दोन मिनिटांच्या फोनवर तू मला, "घाबरला होतास का?" असे विचारलेस आणि मी, "घाबरायला वेळच कुठे होता!" असे म्हणून मोकळा झालो. ते उत्तर खरे नव्हते. वेळ होता, भरपूर होता, आणि भीती जर कशाची वाटली असेल तर ती त्या न संपणाऱ्या वेळेचीच. इतके दिवस आमचा ठावठिकाणा न लागल्याने तुझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून तुला सारे सविस्तर कळलेच पाहिजे.

आम्ही मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या कानकूनला उतरलो तेव्हा जमैकाजवळच्या समुद्रात कमी दाबाचे एक क्षेत्र तयार झाले होते. ज्यांच्यामार्फत सहल ठरवली होती त्यांच्या प्रतिनिधीने, या दिवसांत असे होतच असते, असे सांगून आमची समजूत घातली आणि समोर निळेशार पाणी दिसत असताना ती पटलीही. पुढे त्या क्षेत्राचे वादळ झाले आणि त्याला विल्मा हे नाव मिळाले. यंदाच्या मोसमासाठी ठरवलेल्या 21 नावांपैकी ते अखेरचे होते, यावरून हे वर्ष त्या समुद्राला कसे गेले असेल याची कल्पना तुला येईल. 18 ऑक्टोबरच्या पहाटे विल्मा साधे वादळ होते. 19 च्या पहाटे ते सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीचे हरिकेन (चक्रीवादळ) झालेले होते. कॅरिबियन समुद्राच्या उबदार पाण्यावर ही वादळे पोसली जातात हे आपण शाळेत शिकलो होतो, पण एका रात्रीत इतके पोसले जाणे म्हणजे काय हे मला तेव्हा कळले. त्याच्या केंद्रातला दाब 882 मिलिबारपर्यंत उतरला. अटलांटिकमध्ये इतका कमी दाब यापूर्वी कधीच नोंदला गेला नव्हता. 1988 च्या गिल्बर्टचा विक्रम 888 चा होता.

कानकूनची हॉटेले एका अरुंद पट्टीवर आहेत. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला निचुप्ते नावाची खाजण, अशी ती जागा असल्यामुळे 20 तारखेला आम्हाला बसमधून शहरातल्या एका शाळेत हलवण्यात आले. प्रत्येकी एक लहान पिशवी, पासपोर्ट आणि पाणी एवढेच बरोबर घेता आले. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेल्या एका वर्गात आम्ही चाळीसच्या वर माणसे जमिनीवर गाद्या टाकून राहिलो. आमच्या वर्गाची जबाबदारी हॉटेलमधल्या एका तरुण कर्मचाऱ्यावर होती. त्याच्याजवळ बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्याने फळ्यावर खडूने किनाऱ्याचा नकाशा काढला, कोसुमेल बेट दाखवले, आणि दर तीन तासांनी येणाऱ्या बातमीपत्राप्रमाणे वादळाचा ठिपका तो त्यावर मांडू लागला.

त्या फळ्याविषयी मला विशेष लिहायचे आहे, कारण आमचे सारे प्राण तिथे गोळा झाले होते. सुरुवातीचे ठिपके वीतभर अंतरावर होते. मग ते जवळजवळ येऊ लागले. शुक्रवारी, 21 तारखेला दुपारी केंद्र कोसुमेलवर आले तेव्हा तिथे वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 240 किलोमीटर होता. परंतु ते वादळ स्वतः मात्र माणसाच्या चालीने सरकत होते. त्याला पुढे ढकलणारे वरच्या हवेतले प्रवाहच मंदावले होते. पश्चिमेकडून हवेचा दुसरा प्रवाह येऊन त्याला फ्लोरिडाच्या दिशेने ओढून नेईपर्यंत ते आमच्या डोक्यावरून हलणार नव्हते. रात्री नवा ठिपका मांडायला त्या तरुणाला जागाच उरली नाही. नवा ठिपका आधीच्याच ठिपक्याला चिकटला. त्या क्षणी वर्गात कोणीही बोलले नाही.

वाऱ्याचा आवाज कानांपेक्षा भिंतीला टेकलेल्या पाठीत अधिक जाणवत होता. दाब कमी झाल्याने कानांना दडे बसत होते. वीज केव्हाच गेली होती आणि दाराखालून पाणी आत येत होते. तुझी वहिनी आणि दोन अनोळखी बायका चादरी पिळून पिळून ते रात्रभर टिपत होत्या. सकाळ झाली की संपेल असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. सकाळ झाली आणि काहीच संपले नाही. उलट वाऱ्याने दिशा बदलली आणि जी भिंत आम्ही सुरक्षित समजत होतो तिच्याच खिडकीवरचे प्लायवूड थडथडू लागले. सगळ्यांनी पुन्हा गाद्या उचलून समोरच्या भिंतीशी नेल्या. मी त्या रेडिओवाल्या मुलावर ओरडलो, की हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हते का? तो शांतपणे "त्रांकिलो, सेन्योर" (शांत व्हा, साहेब) एवढेच म्हणाला आणि मला गादी उचलू लागला. ते आठवले की आजही मान खाली जाते.

रविवारी वारा पडला. बाहेर एकाही झाडाला पान नव्हते, जणू कोणी ती हाताने ओरबाडून काढली होती. समोरच्या इस्ला मुहेरेस बेटावर 24 तासांत दीड मीटरहून अधिक पाऊस झाल्याचे पुढे समजले. सामान आणायला हॉटेलवर गेलो तेव्हा आमच्या खोलीखालची वाळूच समुद्राने ओढून नेली होती आणि उघडे पडलेले खडक वर आले होते. त्यानंतरचे दोन दिवस रांगांचे होते, त्यांचे वर्णन करीत नाही.

मेरिदाची बस मिळाली त्या दिवशी तो मुलगा हातात यादी घेऊन दाराशी उभा होता आणि प्रत्येकाच्या नावावर खूण करीत होता. मी त्याची क्षमा मागितली आणि सहज विचारले, की तुझ्या घरचे कसे आहेत? त्याची आई कोसुमेलला राहते. दूरध्वनी बंद, बोटी बंद. गुरुवारपासून तिची काहीच खबर नव्हती. ज्या बेटावर तो आमच्यासमोर खडूने ठिपके मांडीत होता, तिथे त्याची आई होती, आणि पाच दिवसांत आमच्यापैकी एकानेही त्याला हा प्रश्न विचारला नव्हता.

त्याचा पत्ता मी लिहून घेतला आहे. परत आल्यावर लगेच पत्र टाकले, काल दुसरे टाकले. उत्तर अजून आलेले नाही. आले की तुला त्याच दिवशी कळवीन.

तुझाच,
जुना मित्र