बंदी उठायच्या आत

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

वेसाव्यात बोटींना रंग लागला असेल, जाळी शिवून होत आली असतील. १ जूनपासूनची मासेमारीबंदी उठली की बाबा समुद्रावर जातील, म्हणून आजच लिहिते. फोनवर बाबा "मी बरा आहे गं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

बाबा, परवा आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तुमच्या वयाचे एक तांडेल, बोट चालवणारे, आले. छातीत दाटलं तर गॅस समजून सोडा प्यायले, आणि जाळं ओढून होईस्तोवर बोट वळवली नाही. जीव वाचला, पण आता जिना चढताना धाप लागते. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की स्नायू मरत जातो आणि मेलेला परत येत नाही. किनाऱ्यावर १०८ ला फोन करता येतो. खोल पाण्यात बंदर गाठण्यातच कित्येक तास जातात.

जाळी ओढणाऱ्याला कसला हृदयविकार, असं तुम्ही म्हणाल. कष्टांचा फायदा आहेच, पण रात्री दोन-दोन तासांची तुटक झोप, वर बिडी, आणि जेवणात सुकट, पापड, लोणचं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे; बोटीवर ते एका जेवणातच होत असेल. त्यात तुम्हाला साखर. साखरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता गार घाम सुटतो, दम लागतो.

मर्चंट नेव्हीतल्या माणसाला दर २ वर्षांनी तरी डॉक्टरचा दाखला लागतो. तुम्हाला कोण विचारतं? म्हणून मी विचारते.

छाती, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून आली, घाम फुटला, तर जाळं सोडून द्या. जाळं नवं घेता येईल. वायरलेसवर चॅनल १६ ला हाक द्या, रेंज असेल तर कोस्ट गार्डला १५५४ लावा. हे खलाशांनाही सांगून ठेवा, त्या वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही.

आई, शनिवारी सकाळी मी येते. कूपर हॉस्पिटलला जाऊन ईसीजी, बीपी, साखर सगळं करून घेऊ. रिपोर्ट चांगला आला तरी बिडी सुटायलाच हवी, ते मी डॉक्टरांसमोरच बोलणार आहे. साखर उपाशीपोटी तपासायची आहे, तेव्हा बाबांना चहा देऊ नकोस, कितीही मागितला तरी.

तुमची लेक