सूचना : पावसाळी कोकण सहल – खोली आणि पोहणे

सर्व सभासदांना नमस्कार. सहलीची खोली किनाऱ्यालगतच बघतोय, पण पोरांना पोहायला हॉटेलचा टँक असेल तरच. बुकिंगआधी फोनवर नीट विचारा : लहानांसाठी उथळ टँक वेगळा आहे का, पाणी किती खोल, पावसात चालू ठेवतात का, लाइफगार्ड असतो का. फोटोवर जाऊ नका, आजचा व्हिडिओ मागवा.

समुद्रात कुणीही उतरायचे नाही. आपली पोरे रंकाळ्यात, पंचगंगेत पोहलेली, त्यामुळे भीती नसते, आणि त्याचाच मला घोर लागतो. मागे पुतण्या नुसत्या गुडघाभर पाण्यात उभा होता. लाट मागे फिरली आणि पायाखालची वाळूच निघून गेली. दंड धरला म्हणून वाचला. गणपतीपुळ्याचा किनारा तर एरवीही पोहण्यासाठी धोक्याचाच. १ जूनपासून यांत्रिक होड्यासुद्धा मासेमारीला जात नाहीत, यावरून काय ते समजा.

आंबा किंवा करूळ घाटात दरड पडली तर तारीख पुढे ढकलू, म्हणून ॲडव्हान्स परत मिळेल अशीच खोली घेऊ. मुलांच्या वयासह नावे रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.

– सहल समिती, कोल्हापूर