‘नोंद आढळली नाही’ : आधी फिल्टर तपासा

संपादक महोदय,

भरतीची गुणवत्ता यादी, घरपट्टीची थकबाकी, लाभार्थ्यांची नावे असे सगळे आता संकेतस्थळांवर तक्त्याच्या रूपात मिळते आणि रकान्याच्या माथ्यावर फिल्टरची चौकट असते. तीत नाव टाकले की ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते; पाने उलटत गेले तर तीच नोंद अकराव्या पानावर सापडते. यादी मराठी आणि फिल्टर इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेला, असा हा संसार आहे.

‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ तीन तऱ्हांनी टंकता येतो (‘तऱ्हा’ हा शब्दही त्याच दुखण्याचा). स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब) देऊन, किंवा र आणि हलन्तापुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सहसा सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे मानक; त्याचे एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे समान मानलेली रूपे एकाच साच्यात आणण्याची रीत, पहिली दोन रूपे एक करते, तिसऱ्याला हात लावत नाही. वकिलांच्या यादीतल्या ‘ॲड.’चेही तेच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. ‘अ’वर चंद्र चढवून केलेले रूप आजही सर्रास टंकले जाते आणि प्रमाणीकरणाने ही दोन्ही रूपे एक होत नाहीत.

यावरचा उपाय महागडा नाही. मूळ रकाना जसाच्या तसा ठेवून डेटाबेसमध्ये शेजारी शोधापुरता एक रकाना करावा. त्यात प्रमाणीकरण करून ‘ऱ’चा ‘र’ करावा, अदृश्य जोडक काढावेत, ‘अ’ अधिक चंद्राचा ‘ॲ’ करावा, देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत आणि जादा मोकळ्या जागा छाटाव्यात. वापरकर्त्याने टंकलेल्या शब्दावरही हेच संस्कार करून मगच तुलना करावी. एकाच बाजूला केले तर आधी सापडणारे शब्दही सापडेनासे होतात. यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतील, पण दोन ओळी जास्त दिसल्याने कोणाचे नुकसान होत नाही. एक कमी दिसली तर होते.

तालुका, गाव अशा रकान्यांना टंकायची चौकट देऊच नये. कऱ्हाड लिहिणारे आहेत, कराड लिहिणारेही आहेत. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावा-तालुक्यांना सांकेतिक क्रमांक आहेत. ते साठवावेत आणि निवडसूची द्यावी.

गट क्रमांकाचा फिल्टर ‘अंतर्भूत’ प्रकारचा नको. १२ शोधताना ११२ आणि १२० येतात. तिथे तंतोतंत जुळणी हवी आणि १२/३ सारखे पोटहिस्से वेगळ्या रकान्यात हवेत. एकत्र ठेवून एक्सेलमध्ये उघडले की त्यांच्या तारखा होतात.

लिपीशी संबंध नसलेली, पण सर्वांत फसवी चूक पानांची आहे. ब्राउझरमध्ये उतरलेल्या ५० ओळींवरच फिल्टर चालतो आणि उरलेल्या हजारो ओळी सर्व्हरवर तशाच राहतात. पाने सर्व्हरकडून येत असतील तर गाळण्याचे कामही सर्व्हरनेच केले पाहिजे. फिल्टर बदलताच पान क्रमांक १ वर यायला हवा. सातव्या पानावर असताना शोध घेतला आणि उत्तर दोनच पानांचे निघाले, तर समोर कोरा तक्ता येतो. शिवाय ‘अमुक नाही’ असा फिल्टर लावल्यास तो रकाना रिकामा असलेल्या ओळीही गळतात, कारण एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘नल’शी, म्हणजे रिकाम्या नोंदीशी, केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही नाही. त्यासाठी ‘किंवा रिकामे’ ही अट वेगळी लिहावी लागते.

निविदेत ‘शोध सुविधा असावी’ एवढेच लिहून भागत नाही. काम ताब्यात घेण्यापूर्वी तीन प्रकारचे ‘कऱ्हाड’, दोन प्रकारचे ‘ॲड.’, देवनागरी अंकातला गट क्रमांक आणि शेवटच्या पानावरचे एखादे नाव, एवढे तरी फिल्टरमध्ये टाकून पाहावे. यातले एक जरी सापडले नाही, तरी देयक थांबवावे.

– एक संगणक अभियंता, पुणे