पांढरी रेघ पुसायला शिकवलंत, त्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी फ्रेंच मॅनिक्युअर (फिकट गुलाबी नख, टोकाला पांढरी रेघ) करताना घोडं अडतं ते पांढऱ्या रेघेपाशी. डाव्या हाताची कशीबशी जमते, उजव्या हाताची नागमोडी होते. तुम्ही ती रेघ काढायला शिकवलीच नाहीत, पुसायला शिकवलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

क्रम तुम्ही उलटा करून दिलात. बहुतेक जण आधी गुलाबी लावतात आणि शेवटी पांढरं. मग रेघ चुकली आणि नेलपेंट रिमूव्हर लावला की पांढऱ्यासोबत खालचं गुलाबीही निघून येतं, नखावर टक्कल पडतं. तुमच्या पद्धतीत बेस कोटचा (सगळ्यात खालच्या पारदर्शक थराचा) एक पातळ हात, तो वाळला की टोकाला पांढरं, आणि गुलाबी सगळ्यात शेवटी. पांढरं थोडं खाली उतरलं तरी उतरू द्यायचं. दोन-तीन मिनिटांनी ते बोटाला चिकटेनासं झालं की चपटा बारीक ब्रश (जुना आयशॅडोचासुद्धा चालतो) रिमूव्हरमध्ये बुडवायचा, टिश्यूवर टिपून जवळजवळ कोरडा करायचा. नखाच्या एका कडेपासून मध्यापर्यंत एक ओढ, दुसऱ्या कडेपासून मध्यापर्यंत दुसरी. ब्रश ओला राहिला तर पांढरं ओघळून दुधाळ डाग पडतो, म्हणून प्रत्येक ओढीनंतर पुन्हा टिपायचा. कोपर टेबलावर टेकवायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि बोटच फिरवायचं. ही एवढीशी गोष्ट दहा नखं वाचवते.

त्यावर पारदर्शक गुलाबीचा एक हात दिला की खरवडलेल्या खुणा झाकल्या जातात. पांढरा थोडा मोतिया दिसतो, पण चुन्यासारख्या पांढऱ्यापेक्षा तो नखावर जास्त शोभतो. ज्यांना लख्ख पांढराच हवा, त्यांनी गुलाबी आधी लावावं आणि स्टिकर (रेघेची कड सरळ यावी म्हणून नखावर चिकटवायची पट्टी) वापरावा. मात्र खालचा थर किमान १५ मिनिटं वाळलेला हवा, नाहीतर स्टिकरसोबत तोही सोलून येतो. आणि स्टिकर काढायचा तो पांढरं ओलं असतानाच. वाळल्यावर ओढला की कड करवतीसारखी दातेरी होते.

रेघेची रुंदी आखूड नखावर १ मिलिमीटर, लांब नखावर फार तर २. त्यापुढे नख बुटकं दिसायला लागतं.

हात कोमट पाण्यात बुडवून सुरुवात करण्याची सवयही तुम्हीच मोडलीत. नख पाणी पितं आणि फुगतं, वाळलं की आक्रसतं. वरचा रंग त्याच्यासोबत आक्रसत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी टोकाचे टवके उडतात. कोरड्या नखावर २४० ग्रिटचा (बारीक खरखरीचा) फायलर एकाच दिशेने चालवायचा. मागे-पुढे घासलं की टोकाचे पापुद्रे सुटतात. क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) ऑरेंज स्टिकने, म्हणजे लाकडी काडीने, मागे सारायचं, कापायचं नाही. शेवटी रिमूव्हरचा बोळा फिरवून नखावरचं तेल काढायचं. ही पायरी कंटाळ्याने गाळली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

पांढऱ्या नेलपेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, ते तळाशी बसतं. बाटली जोरात हलवली की बुडबुडे येतात, म्हणून तळहातांत लाटायची. घट्ट झाली तर नेलपेंट थिनरचे २-३ थेंब पुरतात. रिमूव्हर ओतला की बाटली वायाच गेली म्हणायची.

टॉप कोटची (सगळ्यात वरच्या पारदर्शक थराची) घाई करू नये. ८-१० मिनिटं थांबून, ब्रशवर भरपूर घेऊन, दाब न देता वरच्या वर फिरवायचा, नाहीतर पांढऱ्याचे फराटे गुलाबीत ओढले जातात. नखाच्या टोकाच्या धारेवरूनही एकदा न्यायचा. रंग वरून वाळला तरी आतून काही तास मऊच असतो. रात्री लावून लगेच झोपलं की सकाळी नखांवर चादरीची वीण उमटलेली असते.

हा प्रकार नावाने फ्रेंच, पण जन्म हॉलिवूडचा मानला जातो. १९७५च्या सुमारास नेलपेंट बनवणाऱ्या ऑर्ली कंपनीच्या जेफ पिंक यांनी तो नट्यांसाठी काढला, म्हणजे कपडे बदलले तरी नखांचा रंग बदलावा लागू नये. आपल्याकडे तो कुठल्याही साडीवर खपून जातो. फक्त फोडणीतल्या हळदीचा विचार तिथे कोणी केला नसणार! रोजचा हळदीचा स्वयंपाक करून चौथ्या दिवशी पांढरं पिवळं दिसतं, ते वरच्या टॉप कोटला लागलेल्या हळदीमुळे. रिमूव्हरने घासलं तर रेघच निघते. हात साबणाने धुऊन थोडं ऊन दाखवायचं, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. मगच टॉप कोटचा नवा हात. आधी दिला तर पिवळेपणा आत कोंडला जातो.

लोणच्याची ओली हळद चिरायची असेल तेव्हा मात्र हातमोजेच, हे तुमचं म्हणणं पटलंय.

लोभ असावा.

आपल्या,
घरी नखं रंगवणाऱ्या आम्ही साऱ्याजणी