सौरपंप हवे आहेतच, पण पाण्याचे काय?

राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे रात्रीबेरात्री बॅटरी घेऊन, विंचू-काट्याच्या भीतीत पिकाला पाणी देण्यासाठी दारे धरायला जाणे अनेकांचे थांबले. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पंपाच्या किमतीच्या ५ टक्के आणि इतरांना १० टक्केच रक्कम भरावी लागते, हेही फार चांगले. पण पंप मिळतो तो विहीर, बोअर किंवा पाण्याची सोय असलेल्यालाच. कोरडवाहूवाला तिथेच बाद होतो. शिवाय ऊन फुकट, म्हणून दिवसभर उपसा. शेजारी खोल बोअर झाले की आधी आटते ती उथळ विहीर, आणि ती बहुधा लहान शेतकऱ्याचीच असते.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून २०१६ पासून सौरपंपांची उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. विजेचे पैसे मिळत असतील तर पाणी उगाच कोण उपसेल? सहकाराची एवढी जुनी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हे गावोगावी व्हायला हवे. निदान दोन-चार अल्पभूधारकांना मिळून एक विहीर, एक पंप आणि सोबत ठिबक मिळेल, अशी तरतूद सरकारने तातडीने करावी.

– एक शेतकरी वाचक, अंबाजोगाई