ती. आई-बाबांना, लुईसहून

लुईस, ससेक्स, इंग्लंड
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर नोकरीचं सांगितलं आणि तुम्ही दोघंही गप्प झालात. आई "बरं" म्हणाली आणि विषय मिलिंदच्या खोकल्यावर नेला. आईचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. म्हणून लिहायला बसले, पुन्हा फोन केला असता तर भांडले असते. पिंट्याला हे पत्र मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलं आहे. बाबांनी भिंग घेऊन वाचायचं नाही, आईकडून वाचून घ्यायचं.

आधी जे झालंय ते सांगून टाकते. औषध कंपनीचा राजीनामा दिला आणि तो मंजूरही झाला. उद्यापासून इथल्याच हार्वीज ब्रूअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत रुजू होते आहे. म्हणजे हे पत्र विचारायला नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, मी तरीही केलं असतं, आणि ते तुम्हाला जास्त लागलं असतं.

आई, तू अण्णामामाचं नाव घेतलं नाहीस, पण तुझ्या मनात तोच होता. माझ्याही होता. मामीची ती वर्षं, आजीच्या पाटल्या, श्रावणातली ती रात्र, मी काहीच विसरलेले नाही. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असला युक्तिवाद मी तुझ्यापुढे करणार नाही. ती दारूच आहे, आणि इथेही माणसं तिच्यापायी संपतात. एवढंच सांगते की आमच्या घरात बाटली नसते, मिलिंद चहाच्या पुढे जात नाही आणि मी चव घेते ती कामापुरती. वाईन चाखणारे घोट थुंकतात तसं बिअरचं करता येत नाही, तिचा कडूपणा घशाखाली उतरतानाच नीट कळतो. तेव्हा दोन-चार घोट पोटात जाणार. हे तुझ्यापासून लपवून ठेवायचं नव्हतं.

बाबा, तुम्ही मात्र का गप्प बसलात? कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून तुमची सगळी नोकरी झाली. मळीच्या वासाचा शर्ट घालून घरी यायचात आणि आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची. दुसरीच्या सुट्टीत तुम्ही मला स्टुलावर उभं करून सूक्ष्मदर्शकात यीस्ट दाखवलं होतं. निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत तशाच राहतात. "जिवंत किती, मोज," म्हणालात. मी सतरा म्हटलं, तुम्ही वहीत खरंच सतरा लिहिलंत. औषध कंपनीत इतकी वर्षं मी फक्त कागद तपासत होते, बाबा. काचपट्टीवर काही हललेलं बघून किती काळ लोटला होता! उद्यापासून पुन्हा तेच मिथिलीन ब्ल्यू आणि तीच मोजणी.

आणि यीस्ट कुठलं, ते ऐका. १९५७ साली यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रूअरीतून आणलेलं यीस्ट हार्वीजमध्ये आजही चालू आहे. एका हौदाचा फेस काढायचा, तोच पुढच्या हौदात घालायचा. हौद वरून उघडे असतात, त्यामुळे फेस डोळ्यांनी दिसतो. तुमच्याकडे हौद बिघडला की सगळं धुऊन नवं कल्चर मागवायचात. इथे या एका वंशावर साऱ्या चवीची भिस्त आहे, आणि त्याची राखण करणाऱ्या दोन-चार माणसांत आता तुमची मुलगी असेल. याला दारूच्या धंद्यात जाणं म्हणायचं तर म्हणा.

ब्रूअरी ऊझ नदीच्या काठावर, गावाच्या मधोमध आहे. जॉन हार्वीने १७९० मध्ये व्यवसाय सुरू केला आणि तो अजून त्याच्या वंशजांकडेच आहे. आत्ताचा मनोरा १८८१ चा, विल्यम ब्रॅडफर्ड नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेला. तेव्हाची युक्ती साधी होती. धान्य आणि पाणी वर चढवायचं, मग एकेक मजला उतरत बिअर आपल्या वजनानेच खाली यायची. जमिनीखालचं पाणी खडूच्या डोंगरातून झिरपून येतं. ऑक्टोबर २००० मध्ये नदीचं पाणी ब्रूअरीत शिरलं होतं. हौदांत आंबत असलेला एक घाणा त्यातून वाचला, त्याची बिअर त्यांनी 'ऊझ बूझ' (बूझ म्हणजे दारू) नावाने विकली. २०१९ ला कृष्णेचं पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा तुम्ही दोघं वरच्या खोलीत पत्ते खेळत बसला होता, त्या जातीची ही माणसं आहेत. (यंदा मात्र पाणी सुटलं की पहिल्या दिवशीच मावशीकडे जायचं. पत्ते तिथे खेळा.)

चव कशी असते, हे तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. मुख्य बिअर ससेक्स बेस्ट, चार टक्के मद्यार्काची, तांबूस रंगाची. आपल्याकडे मिळते तशी बर्फगार आणि गॅसने फसफसणारी नसते. ग्लास नाकाशी नेला की आधी ओल्या गवताचा, मातीचा वास येतो. तो हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या फुलांचा, आणि ती फुलं याच भागातली, ससेक्स आणि केंटची. पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याचा गोडवा लागतो, त्याच्या मागे यीस्टची किंचित फळासारखी झाक. मग गोडवा सरतो आणि कोरडा कडूपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. पहिल्यांदा मला ती पाणचट वाटली होती. अर्धा ग्लास गेल्यावर कळलं की ती पाणचट नाही, सावकाश आहे. थंडीत ओल्ड एल नावाची काळपट बिअर निघते. बाबा, तिची चव म्हणजे गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला करपलेली खरवड, जी तुम्ही मला उलथन्याने काढून द्यायचात. ती चाखताना माझे डोळे भरून आले आणि शेजारच्या बाईंना वाटलं मला चढली.

हे सगळं पिंपामुळे जमतं. बिअर पिंपात भरली तरी यीस्ट आत जिवंत असतं आणि पबच्या तळघरात तिचं उरलेलं आंबणं चालू राहतं. तळघर अकरा ते तेरा अंशांवर ठेवायचं. पिंप आडवं ठेवून, वरच्या भोकात लाकडी खुंटी मारून जादा वायू जाऊ द्यायचा, गाळ खाली बसेपर्यंत हलवायचं नाही. मग हातपंपाने वर ओढायची. एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायला हवं, कारण आत हवा जाते. पहिल्या दिवशी जरा बोचरी असते, दुसऱ्या दिवशी गोलाई येते, चौथ्या दिवशी आंबट. एका लहान पिंपात बहात्तर पाइंट मावतात (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त). तेवढे तीन दिवसांत खपतील असं गिऱ्हाईक नसलेल्या पबने या भानगडीत पडूच नये, असं माझं मत आहे.

गाळ लवकर बसावा म्हणून पिंपातल्या बिअरमध्ये परंपरेने माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला एक पदार्थ घालतात. पालघरचे कोळी घोळ माशाची जी पिशवी सोन्याच्या भावाने विकतात, त्यातलाच प्रकार. आई, हे जोशीकाकूंना सांगायची काही गरज नाही. लॅबमध्ये हातमोजे असतात.

आणि एक गोष्ट बाबांसाठी, कारखान्याच्या निवडणुकांत रात्री जागवलेल्या माणसासाठी. गावात लुईस आर्म्स नावाचा पब आहे. डिसेंबर २००६ मध्ये त्याची मालक कंपनी ग्रीन किंग हिने तिथली हार्वीजची बिअर बंद करून फक्त आपली ठेवली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला. ऐन थंडीत लोक दाराबाहेर उभे राहायचे, आत कोणी जायचं नाही. १३३ दिवस हे चाललं. एप्रिल २००७ मध्ये कंपनीने हार मानली आणि हार्वीज परत आली. चवीसाठी इतकं भांडणाऱ्या गावात मला करमेल की नाही, तुम्हीच सांगा.

पगार कमी आहे, मान्य. पण रोजचं गाडीचं भाडं आणि तीन तास वाचतात. ब्रूअरीत मी चालत जाणार, दुपारी हवं तर घरी येऊन वरण-भात खाईन. मिलिंदला लंडनला जायला थेट गाडी आहे, सव्वा तासाच्या आत पोचते. कायम राहण्याची परवानगी आधीच मिळालेली असल्याने नोकरी बदलून काही बिघडत नाही. घराचे हप्ते आम्ही दोनदा हिशेब करून पाहिले आहेत. घर उबदार आहे, ज्वारीचं पीठ ब्रायटनला मिळतं, भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही पण तुटतही नाही. आणि लोक काय म्हणतील म्हणशील, तर हॉप्स या देशात येण्याच्या आधी एल, म्हणजे तेव्हाची बिनहॉप्सची बिअर, घरोघरी बायकाच गाळत होत्या. जोशीकाकूंनी विचारलं तर मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे असं सांग. ते खरंही आहे.

दिवाळीला मात्र जमणार नाही. हे शेवटी लिहिते आहे कारण हेच लिहायचं नव्हतं. नव्या नोकरीत लगेच रजा मागता येत नाही, त्यात नाताळच्या आधीचे आठवडे ब्रूअरीत सर्वांत गर्दीचे. फेब्रुवारीत येते, तीन आठवड्यांसाठी, नक्की. आई, मला घातल्याशिवाय तुझी दिवाळीची आंघोळ होत नाही, ठाऊक आहे. उटणं डब्यात ठेव. फेब्रुवारीत लावून घेईन, शेजारी हसले तर हसू देत. पाठीवर तूच चोळायचं.

तोवर माझं ऐका. आईने तीन महिन्यांची साखरेची तपासणी या आठवड्यात करायची आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, "नॉर्मल आहे" एवढं चालणार नाही. फराळाचं सगळं घरी करायचं नाही, चकल्या आणि अनारसे बाहेरून आणायचे, पैसे मी पिंट्याकडे दिले आहेत. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवायला गवंडी शनिवारी येईल, बाबांनी त्याला परत पाठवू नये. पाण्याची टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही. अंधार पडल्यावर स्कूटर नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नाही. रागावून सांगत नाहीये, इथून एवढंच करता येतं.

बाबा, यीस्ट मोजायची तुमची जुनी पद्धत आणि वहीतले ते तक्ते मला हवे आहेत. पिंट्याला फोटो काढायला सांगा. इथे सगळं संगणकावर आहे, पण मला ते हाताने करून पडताळायचं आहे, आणि कुठे अडले तर विचारायला तुम्हीच आहात. भारतातले संध्याकाळचे साडेपाच-सहा म्हणजे माझी दुपारची सुट्टी. फोन हाताशी ठेवा.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, मोतीबिंदूची तारीख फेब्रुवारीतलीच घ्या, मी तिथे असताना. डॉक्टर आधीची देत असतील तर आधी मला कळवायचं, मग हो म्हणायचं.